दुर्बिणीचा आरसा धुवायचा कधी, आणि कसा?

वाचकांचे प्रश्न : दुर्बीण आणि आकाश

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि आपला आकाश बघायचा हंगाम एकाच वेळी सुरू होतो. दिवाळी झाली की सोलापूरचं आभाळ निवळतं, आणि त्याच सुमारास हवेत बगॅसची, म्हणजे कारखान्यांच्या भट्टीत जळणाऱ्या उसाच्या चिपाडांची, काळी राख तरंगायला लागते. त्यामुळे या दिवसांत येणाऱ्या पत्रांत काचा पुसण्याचे प्रश्नच जास्त असतात. मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो; निवृत्तीनंतर आसपासच्या शाळांच्या दुर्बिणी सांभाळतो. या वेळची सगळी उत्तरं काचा, आरसे आणि धूळ यांवरच आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत सहा इंची आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हातानं फिरवायची, दुर्बीण आहे. बरेच दिवस कपाटात पडून होती. परवा नळीत टॉर्च मारून बघितलं तर आरसा धुळीनं भरलेला. गड्डा यात्रेनंतर मुलांना गुरू आणि मृगातला तेजोमेघ दाखवायचा विचार आहे. शिपाईकाका म्हणतात, काच पुसायच्या निळ्या स्प्रेनं पाच मिनिटांत लख्ख करून देतो. देऊ का त्यांच्याकडे?
— एक शिक्षिका, विजापूर रस्ता

उत्तर : नको ताई. काकांचा हेतू चांगला आहे, पण तो स्प्रे आरशाला लागू देऊ नका. अशा द्रावणात बऱ्याचदा अमोनिया असतो आणि तो मुलामा खातो. घरच्या आरशात चमकणारा थर काचेच्या मागच्या अंगाला असतो, म्हणून आपण तो निर्धास्त पुसतो. दुर्बिणीच्या आरशाचा ॲल्युमिनियमचा थर पुढच्या अंगाला, उघड्यावर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढी. वरून एक पारदर्शक संरक्षक थर देतात, तोही तसाच पातळ. फडकं एकदा दाबून फिरवलं की पडलेले चरे कायमचे राहतात.

आता टॉर्चचं. तिरपा टॉर्च मारला तर नवाकोरा आरसासुद्धा कळकट दिसतो, कारण धुळीचा एकेक कण उजळतो. तेवढ्यावरून आरसा धुवायला काढू नका. तुमच्या दुर्बिणीतला छोटा, तिरका आरसा साधारण दीड इंचाचा असेल. तो मोठ्या आरशाच्या वाटेत मधोमध उभा राहून सहा टक्क्यांच्या आसपास प्रकाश अडवतो, आणि तरी आपल्याला शनीची कडी स्वच्छ दिसतात. वरवरची धूळ त्याहून पुष्कळ कमी प्रकाश अडवते. धुळीचा खरा त्रास निराळा आहे. तिच्यामुळे प्रकाश विखुरतो, गुरूभोवती धुरकट प्रभा येते आणि त्याचे पट्टे फिके पडतात. म्हणून आधी रात्री बघा. गुरूभोवतीचं आकाश काळं दिसत असेल तर आरशाला हात लावायची गरज नाही. रबरी फुग्याच्या ब्लोअरनं सुटी धूळ उडवा आणि काम थांबवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे जातात. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवाराही नको, त्यातला द्रव कधीकधी थेट काचेवर येतो.

काही गोष्टी मात्र धुवायलाच लागतात : सुकलेल्या दवाचे डाग, पालीची किंवा किड्यांची घाण, चिकट थर आणि कारखान्याची राख. या राखेबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. ती मी भिंगाखाली धरून बघितली आहे. काळे, सच्छिद्र, बोटात चुरडले जाणारे तुकडे, आणि त्यांत मधूनच चकाकणारे बारीक कण. उसात मुळात सिलिका असते, शिवाय उसाबरोबर शेतातली मातीवाळू येते. भट्टीत यातलं काही जळत नाही, ते राखेबरोबर धुराड्यातून बाहेर पडतं. वाळूचे कण काचेपेक्षा कठीण असतात. अशा आरशावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवण्यासारखंच. म्हणून आपल्या भागात तर नियम पक्का ठेवा : आधी पाण्यानं राख वाहून जाऊ द्या, हात नंतर लावा.

धुण्यासाठी सकाळची वेळ बरी. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं, आणि गार काचेवर गरम पाणी ओतणं धोक्याचं. पाणी खोलीच्या तापमानाचंच हवं. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. नळी आडवी ठेवून आरसा त्याच्या बैठकीसकट मागून काढा. काढण्याआधी बैठक आणि नळी या दोन्हींवर चिकटपट्टी लावून खूण करा, म्हणजे आरसा परत त्याच जागी बसेल. मग बैठकीच्या क्लिपा सोडवून आरसा कडेनं धरून उचला. मधोमध कागदी कड्याची खूण असेल तर ती काढायची नाही, पुढे आरसे जुळवताना ती लागते.

घमेल्यात किंवा सिंकमध्ये जाड टॉवेल घडी करून घाला, त्यावर आरसा ठेवा, चकचकीत बाजू वर. पाण्याची सौम्य धार सगळीकडून फिरवा, बराच वेळ. कंटाळू नका, निम्मी सफाई याच टप्प्यावर होते. बोअरचं पाणी इथं वापरू नका, आपल्याकडे ते जड असतं. घरच्या फिल्टरचं आरओ पाणी चालेल. मग आरसा बुडेल इतकं पाणी घेऊन त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एकदोन थेंब टाका आणि दहाएक मिनिटं तसंच राहू द्या.

त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळतो तो शोषक कापूस घ्या. त्याचा मोठा बोळा पाण्यात पूर्ण भिजवा आणि पाण्याखालीच आरशावरून ओढा. बोटांनी दाबायचं नाही. कापसाचं स्वतःचं वजन पुरतं. एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे एकच ओढ, की तो बोळा टाकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. कापसाची कंजुषी करू नका, सगळा धोका वापरलेल्या बोळ्यातच असतो. गोल गोल घासायचं नाही. एखादा डाग निघालाच नाही तर राहू द्या. त्या एका ठिपक्यानं गुरूला काही होत नाही.

पुन्हा भरपूर पाणी, आणि शेवटची धार डिस्टिल्ड वॉटरची. ही धार चुकवू नका. साधं पाणी आरशावर सुकलं तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. आरसा भिंतीला टेकवून जवळजवळ उभा ठेवा, पाणी आपोआप निथळतं. एखाददुसरा थेंब अडकलाच तर बिनवासाच्या टिश्यू पेपरचं टोक त्याला नुसतं टेकवा, कागद तो शोषून घेईल. उन्हात ठेवू नका. पंखाही लावू नका, तो खोलीतली धूळ आणून ओल्या आरशावर बसवतो.

शाळेच्या दुर्बिणीला असं स्नान वर्षा-दोन वर्षांतून एकदा पुरे. कार्यक्रम झाला की लगेच टोपण आणि वर कापडी खोळ घातली तर त्याहूनही कमी वेळा लागेल.

जाता जाता एक. काही जुन्या पुस्तकांत आरसा मऊ चामड्यानं घासून उजळायची रीत दिलेली असते. ती चांदीच्या मुलाम्यासाठी होती. काचेवर चांदी चढवलेले आरसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आले. ते काळे पडत आणि घासावे लागत. निर्वात पेटीत ॲल्युमिनियम चढवायची पद्धत 1930 नंतर रुळली. तुमच्या आरशाला ती जुनी रीत लागू नाही.

प्रश्न : मी टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. आमच्याकडच्या टेरी टॉवेलइतकं मऊ कापड दुसरं नाही. त्यानं माझ्या छोट्या दुर्बिणीचं पुढचं भिंग पुसलं तर काय बिघडेल?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी

उत्तर : दादा, टॉवेल मऊ आहे यात शंका नाही, पण त्याच्या विणीतच अडचण आहे. टेरीच्या प्रत्येक फाशात धुळीचा कण अडकून बसतो, आणि पुढच्या पुसण्यात तोच भिंगावरून घासला जातो. मायक्रोफायबरचं फडकंही एकदा मळलं की तसंच. तुमच्या कामाच्या ठिकाणी हवेत कापसाचे बारीक तंतूही असतात, त्यामुळे दुर्बीण तिथे उघडूच नका. टॉवेल वरच्या उत्तरात सांगितलंय तसा आरशाखाली अंथरायला उत्तम.

भिंग साफ करताना आधी ब्लोअर, मग अगदी मऊ कुंचला अलगद. डाग राहिला तरच कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण लावा. द्रव बोळ्यावर घ्यायचा, भिंगावर ओतायचा नाही, नाहीतर तो कडेनं आत झिरपतो. आणि पुढचं भिंग उघडून आतली बाजू पुसायचा मोह टाळा. ती एक काच नसून दोन वेगवेगळ्या काचांची जोडी असते. त्यांच्यातलं अंतर आणि एकमेकींशी असलेली दिशा कारखान्यात जुळवलेली असते. ती हलली तर प्रतिमा बिघडते.

प्रश्न : काका, माझ्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) आतून कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. बाहेरून पुसलं तरी जात नाही. पावसाळाभर दुर्बीण रेक्झिनच्या पेटीत होती.
— अकरावीतला विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : बाळा, ती बुरशी आहे. पेटीत ओल कोंडली की भिंगावर तिचे तंतू पसरतात, आणि फार दिवस राहिली तर ती काचेवरचा थरही खाते. म्हणून ते आयपीस आधी बाकीच्यांपासून वेगळं ठेव. आतली भिंगं तू उघडू नकोस. एखादं उलटं बसलं तर आयपीस बाद. चांगल्यापैकी आयपीस असेल तर कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करणाऱ्याला दाखव. दुर्बिणीबरोबर आलेलं साधं असेल तर नवं घेणं परवडतं.

पुढच्या पावसाळ्यात पेटीऐवजी घट्ट झाकणाचा डबा वापर आणि त्यात सिलिका जेल ठेव. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले असं समजायचं. मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात, पण त्यासाठी स्वयंपाकात न वापरलेलं जुनं भांडं घे, कारण तो निळा रंग विषारी असतो. हे काम घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन कर. हिप्परगा तलावाकडे रात्र काढून आलास आणि दुर्बिणीवर दव असेल तर टोपण लावू नकोस. घरी कोरड्या खोलीत नळी आडवी, उघडी ठेव. दव पूर्ण सुकलं की मग टोपण.

बाहेरच्या बाजूनं मात्र सगळ्यांत जास्त मळतं ते आयपीसच. डोळा टेकतो, पापणीचं तेल लागतं. मुलांच्या कार्यक्रमात तर काजळ आणि खोबरेल दोन्ही. ते त्याच रात्री काढावं, शिळं झालं की चिवट होतं. कापूस काडीला गुंडाळून, वरच्या उत्तरातल्या अल्कोहोलच्या मिश्रणानं जेमतेम ओला करून, मधून कडेकडे एकदाच फिरवायचा.

प्रश्न : सूर्य बघायच्या फिल्मवर बोटांचे ठसे उमटलेत. कशानं पुसावी?
— एक पालक, होटगी रस्ता

उत्तर : पुसू नका. त्या पातळ फिल्मवरचा धातूचा थरच तुमचा डोळा वाचवतो, आणि पुसण्यानं तो निघतो. ब्लोअरनं धूळ उडवा, ठसे राहू द्यात. प्रत्येक वेळी वापरण्याआधी ती फिल्म प्रखर दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढं जरी भोक किंवा चीर दिसली तर ती कात्रीनं कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी चुकून वापरणार नाही. आयपीसला मागून लावायचं छोटं काळं सूर्य-फिल्टर घरात असेल तर तेही आजच फेकून द्या. ते उष्णतेनं बघता बघता तडकतं, आणि त्या क्षणी डोळा तिथेच असतो. यात मुलांच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

प्रश्न : आरसा धुऊन परत बसवला, पण आता तारे तिकोनी दिसतात. आरसा बिघडला का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : बिघडला नसावा. तीन क्लिपा जास्त आवळल्या गेल्यात, त्यामुळे आरसा तीन ठिकाणी दाबला जातोय. क्लिप आणि काच यांच्यात साधा कागद सरकेल इतकी फट हवी. आरसा जागेवरून पडू नये एवढंच क्लिपेचं काम आहे.

मग आरसे पुन्हा जुळवून घ्या. नळी काढली-घातली की ते हलतातच. शेवटची तपासणी ताऱ्यावर करायची. तुमच्या दुर्बिणीला मोटर नसेल तर ध्रुव सोयीचा, कारण तो दृष्टिक्षेत्रातून सरकत नाही. पण आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून साधारण साडेसतरा अंशांवरच असतो, तिथली हवा थरथरते. म्हणून अंदाज ध्रुवावर घ्या आणि खात्री डोक्यावरच्या एखाद्या मध्यम तेजाच्या ताऱ्यावर करा. फोकस किंचित बाहेर नेला की ताऱ्याची गोल वलयं दिसली पाहिजेत आणि मधला काळा ठिपका बरोबर मध्ये हवा. तो एका बाजूला असेल तर मागचे स्क्रू एकावेळी पाव फेराच फिरवा, तारा परत मध्ये आणा, मग पुन्हा बघा.