विहिरीवरचे अर्धवट खोपे

“मॅडम, माझ्याकडून एकही गोष्ट तडीला जात नाही.” जानेवारी सरत आला की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. त्यातल्याच एकाची ही हकिगत, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

वय २८. स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न, तबला, जिम. सगळं हौसेनं धरलेलं आणि सुटलेलं. जर्मनच्या क्लासला तर जाणं बंद होतं, पण फी चालू होती. पहिल्याच भेटीत त्यानं मोबाइलवर आलेली गरुडाची गोष्ट वाचून दाखवली. चाळिशीत गरुड म्हणे खडकावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो आणि पुढे आणखी तीस वर्षं जगतो.

“मला असं जमायला हवं.”

“चोच तोडून बसलेला गरुड खाणार काय?” मी विचारलं.

तो गप्प. ती गोष्ट निखालस खोटी आहे, पण तिच्या नादानं स्वतःला सोलून काढणारे मी बरेच पाहिलेत.

तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, “गावाकडे आमच्या विहिरीवर बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. कितीतरी अर्धवट. ते बघितले की वाटतं, हा मीच.”

मी खुर्चीत पुढे सरकले. “अर्धवट का राहतात ते?”

“कंटाळत असतील.”

नाव सुगरण, पण खोपा विणतो नर. पुरा खोपा व्हायला सुमारे १८ दिवस आणि ५०० पर्यंत फेऱ्या लागतात. आठेक दिवसांत अर्धा खोपा शिरस्त्राणासारखा दिसू लागतो. तिथं नर थांबतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पारख करते. पसंत पडला तर तो खालची नळी विणायला घेतो, नाहीतर तो खोपा सोडून दुसरा. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला राहून या पाखरांचा बारकाईनं अभ्यास केला. तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. हे मी त्याला मुद्दाम सांगितलं.

बराच वेळ शांतता. अशा वेळी तोंड उघडायचं नाही, एवढं मी बावीस वर्षांत नक्की शिकलेय.

“म्हणजे तो दाखवून मग सोडतो,” तो हळू म्हणाला. “मी कुणाला दाखवतच नाही.”

त्या वाक्यासाठी मी तीन भेटी थांबले होते, आणि ते त्याचं त्यालाच सापडलं याचा मला आजही आनंद आहे.

पाखरू काही संकल्प सोडत नाही, हे मलाही कळतं. पण ‘अर्धवट काम’ हा शब्द मी चालवून घेते, ‘अर्धवट माणूस’ नाही. कामावरचा शिक्का माणसावर बसला की हातातलं काम आणखी जड होतं. म्हणून मी लोकांना शेवटाची तारीख विचारत नाही. आठ दिवसांत दाखवण्याजोगं काय तयार होईल आणि ते कोण पारखेल, एवढंच विचारते. पारखणारा आधी ठरवायचा. आई नको, ती छानच म्हणणार. खिल्ली उडवणारा मित्रही नको. ज्याला त्यातलं कळतं आणि जो तोंडावर सांगेल, असा माणूस हवा. त्यानं नापसंत केलं तर उसवून पुन्हा विणायचं की सोडायचं, हे मग आपलं आपण ठरवायचं. तोवर मात्र सोडायची मुभा नाही.

त्यानं दहा उत्तरं लिहून परीक्षा पास झालेल्या एका सीनियरला दाखवायची ठरवली. सहा आठवड्यांनी वही घेऊन आला. पानापानावर लाल शाई, आणि एका उत्तराखाली ‘हे बरं जमलंय’. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

“आणि जर्मन?”

“सोडलं,” तो म्हणाला. मग हसला. “बाईंना भेटून, सांगून सोडलं.”