सुरमई नव्हती म्हणून एक स्टार

प्रश्न : हर्णैजवळ आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. स्वयंपाक माझ्याकडे, खोल्या आणि बाग हे बघतात. अकरा पाहुण्यांनी गुगलवर आमच्याबद्दल लिहिलं होतं, ४.८ स्टार होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक कुटुंब आलं. त्यांना ताजी सुरमई हवी होती. मासेमारीची बंदी चालू होती आणि बर्फातली मी वाढत नाही. सोड्यांची खिचडी केली, सुकटीची चटणी केली. मंडळी हसून निघाली आणि रात्री एक स्टार : ‘मासे नाहीत. गरम पाणी उशिरा. पैसे वाया.’ आता ४.५ दिसतं. पुतण्या म्हणतो, काकू, वीस ओळखीच्यांकडून पाच-पाच स्टार टाकून घेऊ. एकाचा फोनही आला, पैसे द्या, पन्नास अभिप्राय लावून देतो. करावं का? दुसरं म्हणजे, मी स्वतः ४.४ स्टार बघून मिक्सर घेतला, त्यात खोबऱ्याचं वाटण गुळगुळीत होत नाही. मग या स्टारांवर विश्वास ठेवायचा तरी किती?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : ताई, आधी पुतण्याला थांबवा. फोनवाल्याला तर साफ नाही म्हणा.

तुम्हाला लागलंय ते मला कळतं, कारण हिशेबच तसा आहे. अकरा जणांचे मिळून ५३ स्टार होते. त्यात एक मिळाला, माणसं बारा झाली आणि ४.८ चे ४.५ झाले. अकराशे अभिप्राय असलेल्या हॉटेलात हाच पाहुणा हेच लिहून गेला असता तर आकडा हललासुद्धा नसता. लहान घराला एक माणूस जेवढा महागात पडतो तेवढा मोठ्याला पडत नाही, ही या पद्धतीतली खरी विषमता आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास २०११ साली मांडला. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. पण ते स्वतंत्र, एकट्यादुकट्या रेस्टॉरंटांचं. साखळी हॉटेलांवर तसा परिणाम दिसला नाही. त्यांचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं. तुमच्याकडे येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात मात्र तेवढे स्टारच असतात.

म्हणूनच ते खोटे करू नका. अभिप्राय म्हणजे साक्ष. जो तुमच्या पडवीत जेवला नाही त्याने खिचडीची साक्ष कशी द्यायची? कायद्याचंही ऐका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत, अनेकांचा माल विकणाऱ्या साइटवरच्या विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ते ऐच्छिक म्हणून आलं, पण विकतचे अभिप्राय त्यालाही मान्य नाहीत. गुगलच्या नियमांतही पैसे किंवा सवलत देऊन लिहून घेणं बसत नाही. आणि एका रात्रीत पन्नास जणांनी ‘खूप छान, नक्की या’ लिहिलेलं दिसलं, की तुमच्या त्या पहिल्या अकरा खऱ्या पाहुण्यांवरचाही विश्वास उडतो. मला त्यांचं जास्त वाईट वाटेल.

आता त्या पुण्याच्या पाहुण्याकडे वळू. तुमच्या पत्रात गरम पाण्याबद्दल एक अक्षर नाही. ते खरं होतं का? असेल तर आधी बंबाचं बघा. दुसरं, हर्णैचं नाव काढलं की माणसाच्या डोळ्यांसमोर बंदरावरचा माशांचा लिलाव येतो. बंदी आहे हे खोली ठरवताना त्यांना कोणी सांगितलं होतं का? त्यांचा एक स्टार मला अन्यायाचा वाटतो, पण ‘मासे नाहीत’ ही तक्रार खोटी नव्हती.

मी साताऱ्यात सोळा वर्षं ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसले, लोकांना तक्रार नीट कशी लिहावी ते शिकवलं. तरी माझ्याही हातून चूक झाली. आईची रेशमी साडी रफूला दिली होती. कारागिराने पाच दिवस उशीर केला. साडी पिशवीतून बाहेर न काढता, रिक्षात बसूनच मी एक स्टार देऊन टाकला : ‘शब्दाचा पक्का नाही.’ सकाळी खिडकीशी साडी उलगडली तर फाटलं कुठे होतं ते मला सापडेना. त्याने आतल्या काठातले धागे काढून त्याच रंगाची वीण घातली होती; उशीर त्यापायी झाला होता. मी अभिप्राय बदलला. चार स्टार दिले, आणि दोन्ही लिहिलं : पाच दिवस उशीर, रफू शोधूनही दिसत नाही. उशीर पुसून टाकला नाही, कारण लग्नाच्या आदल्या दिवशी साडी हवी असणाऱ्या बाईला तोच समजायला हवा.

तुम्हीही त्या अभिप्रायाखाली उत्तर लिहा. मालकाचं उत्तर सगळ्यांना दिसतं. रागाचा शब्द नको, पाहुण्याच्या घरादाराबद्दल काही नको. एवढं पुरे : ‘महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या काळात आम्ही सोडे, सुकट आणि शाकाहारी जेवण देतो. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ती आमची चूक. आता गुगलवरच्या आमच्या पानावर लिहिलं आहे.’ गरम पाण्याचं जे खरं असेल तेही घाला. आणि खरंच आजच पानावर लिहा. यापुढे जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अभिप्राय मागा, खूश दिसला त्यालाही आणि गप्प राहिला त्यालाही. फक्त खूश माणसं निवडून मागणं हाही खोटेपणाच आहे, आणि गुगललाही ते चालत नाही.

मिक्सरचं सांगते. सरासरी आकडा बाजूला ठेवा आणि तीन स्टारवाले वाचा. त्यात बहुधा बरं आणि वाईट दोन्ही असतं. ‘डबा दबलेला आला’ ही कुरिअरची तक्रार, मिक्सरची नाही. ‘कालच आला, मस्त आहे’ यातून मोटरबद्दल काही कळत नाही. सहा महिने वापरून लिहिलेलं शोधा. मुख्य म्हणजे अभिप्रायांत ‘खोबरं’ शोधा, मराठीतून आणि इंग्रजीतूनही. इडलीचं पीठ किंवा कोरडा मसाला वाटणाऱ्याने दिलेले पाच स्टार खरेच असतील, पण तुमच्या वाटणाबद्दल त्याला काय ठाऊक?

घेतलेल्या मिक्सरला अजून एक संधी द्या. चटणीचं लहान भांडं घ्या, अर्ध्याच्या वर भरू नका, कोमट पाणी थोडं थोडं घाला, मधे थांबून कडेचं खोबरं खाली ओढा. तरीही भरड राहिलं तर अभिप्राय लिहा : कोणतं भांडं, किती खोबरं, किती मिनिटं. गुहागरची किंवा मालवणची एखादी बाई नेमकं तेच शोधत असेल.