क्लिपच्या शेवटचे चार सेकंद

अगं पोरी,

तुझी क्लिप ऐकली. तीनदा ऐकली. दीड मिनिटाची आहे, त्यातलं एक मिनिट सव्वीस सेकंद तू मला बातम्या वाचून दाखवतेयस असं वाटलं, आणि शेवटचे चार सेकंद, रेकॉर्डिंग बंद व्हायच्या आधी, तू कुणाला तरी म्हणालीस "झालं का बंद? बघ की जरा, काय करायलीस तिथं?" ते चार सेकंद मी परत मागे नेऊन ऐकले. आमच्या ह्यांना ऐकवले तर ते म्हणाले ही दुसरी मुलगी कोण.

आणि तू मेसेजमध्ये डबिंग-ॲक्टिंगचं काम करायचंय, पुढे काय करू असं विचारतेस, आणि वर लिहितेस सॉरी मॅम, माझा टोन नांदेडचा आहे, त्यावर काम चालू आहे.

आधी ते मॅम काढ, ताई म्हण. आणि त्या टोनवर जे काय काम चालू आहे ते दोन दिवस थांबव आणि माझं ऐक.

मी मिरजेची. 1989ला मुंबईत आले तेव्हा एका ठिकाणी आवाजाची टेस्ट दिली, काचेपलीकडच्या गृहस्थांनी टॉकबॅकवर सांगितलं, बाई, आवाज छान आहे पण भाषा घाटावरची आहे. एवढंच. मला इतकं लागलं ते की पुढची दोन वर्षं मी रोज सकाळी अग्रलेख मोठ्यानं वाचून काढले, न आणि ण घासूनपुसून लख्ख केले, बोलताना हेल दिसला की स्वतःलाच चिमटा काढायचे. मग पहिलं पैसे देणारं काम मिळालं, एका सिरियलमध्ये वाड्यावरची मोलकरीण, सहा सीन. दिग्दर्शक म्हणाला, मस्त, आता तुमच्या गावाकडचं बोला. आणि मला येईना! खरंच येईना. जे तोंडातून निघायचं ते नाटकातल्या खेडवळ बाईसारखं, "काय वो मालक" वगैरे, असलं आमच्याकडे कुत्रंही बोलत नाही. त्या रात्री मी एसटीडी बूथवर गेले, उशिरा, कारण तेव्हा रेट कमी व्हायचा, मिरजेला शेजारच्यांकडे फोन करून मावशीला बोलवून घेतलं आणि म्हणलं, काहीही बोल, मी नुसती ऐकते. ती म्हैस आटली, धाकट्याचं जमत नाही, विहिरीचं पाणी खाली गेलं असं सांगत राहिली, आणि मी समोरचा बिलाचा लाल आकडा पळताना बघत ऐकत राहिले. वाक्याचा शेवट ती गिळायची. महत्त्वाचं जे असेल ते हळू आवाजात बोलायची आणि बिनमहत्त्वाचं ओरडून. हे मी वीस वर्षं त्या घरात राहून कधी ऐकलंच नव्हतं.

तर तुझ्या प्रश्नाचं, की आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात तर पुढे काय करू, त्याचं माझ्याकडचं उत्तर हे असं आहे, की आवाज चांगला असणं हे चेहरा गोरा असण्यासारखं आहे, त्यात तुझं कर्तृत्व शून्य. आमच्या धंद्यात कान विकला जातो, तोंडातून.

प्रमाण भाषा शिकू नकोस असं मी म्हणत नाहीये हां, गैरसमज नको. शीक. पक्की शीक. पाण्याचा जग आणि हे अख्खं जग यातला ज वेगळा आहे, चार आणि चारा यातला च वेगळा आहे, आणि हिंदी ऐकून ऐकून आजकालच्या मुलांचे हे दोन्ही एकच झालेत, स्टुडिओत मी रोज ऐकते. पण ती नऊवारीसारखी शीक, नेसता आली पाहिजे आणि सोडताही आली पाहिजे. नांदेडचं 'करायलीस' कपाटातून टाकून दिलंस तर उद्या कुणी मागितलं की तूही माझ्यासारखी बूथवर उभी राहशील.

निळू फुले बघ. प्रत्येक गॅदरिंगमध्ये कुणीतरी मान तिरकी करून, आवाज खरखरीत करून "बाई, वाड्यावर या" करतोच, आणि सगळे हसतात. का हसतात? कारण घसा घेतलाय आणि माणूस राहिलाय. भीती त्या घशाच्या खरखरीत नव्हतीच, हा माणूस घाईत नाही, ह्याला माहितेय की समोरच्या बाईला जायला जागा नाही, भीती त्या सावकाशीत होती. बायका त्यांना खरोखर शिव्या घालायच्या म्हणतात, आणि माणूस होता राष्ट्र सेवा दलातला, भला. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, माळीकाम केलेला. 1968ला 'एक गाव बारा भानगडी' सिनेमा आला तेव्हा वय अडतिशीच्या आसपास होतं त्यांचं, हे लक्षात ठेव, पुढे नोकरीचं लिहिणार आहे तिथे लागेल.

लहानपणी सुट्टीत दादरला मामाकडे गेलं की आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' ऐकायचो. नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे पंत आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी. आम्हाला ते घर दिसायचं गं, स्वयंपाकघर कुठे, दार कुठे, सगळं. नंतर मी स्वतः रेडिओवर कामं केली तेव्हा कळलं की श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात, सगळे एका माइकभोवती उभे, आत यायचं असेल तर दोन पावलं मागून बोलत पुढे यायचं, चिडून निघून जायचं तर मान वळवत मागे सरकायचं, आणि हे करताना पायाखाली कागद वाजता कामा नये. समोरचा काय आणि कसा बोलला त्यावर तुझं वाक्य, कारण तो हातभर अंतरावर उभा असायचा, त्याच्या पानसुपारीचा वास यायचा.

आता डबिंगला जाशील तेव्हा तू एकटी. काचेचं खोकं, हेडफोन, स्क्रीन, टाइमकोड. तुझ्या पात्राच्या नवऱ्याचे डायलॉग कुणी दुसरा परवा येऊन करणार किंवा कालच करून गेलाय, आणि गेला असला तर माझं ऐक, इंजिनिअरला सांगून त्याचा ट्रॅक कानात घे. बहुतेक जण घेत नाहीत, ओरिजिनल तेलुगू ऐकतात आणि त्यावर आपलं बोलतात, मग पडद्यावर दोन माणसं दोन वेगवेगळ्या खोल्यांतून भांडतायत असं वाटतं. (प्रेक्षकाला कळत नाही काय खटकतंय, पण तो चॅनेल बदलतो.)

टेक्निकल थोडं सांगते. स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं जसंच्या तसं बसेलच असं नाही. क्लोजअप असेल तर ओठ मिटताना दिसतात, तिथे प, ब, म यातलं काहीतरी पडलं पाहिजे. हिंदीतलं 'मैं' तिथे 'मी' आपोआप बसतं, 'नहीं'वर 'नाही' बसतं, पण 'क्यों'वर नुसता 'का' टाकलास तर तोंड अजून हलत असतं आणि तू संपलेली असतेस, मग 'का बरं' करावं लागतं, आणि 'बरं'चा ब तिथे ओठ मिटलेले नसताना आला तर 'कशाला'. हे लिहिणाऱ्याचं काम आहे पण लिहिणाऱ्याला घाईत दिलेलं असतं, तर तुला जागेवर सुचलं पाहिजे, आणि डायरेक्टरला विचारून बदलायचं, परस्पर नाही. दाक्षिणात्य भाषा आपल्यासारख्याच, क्रियापद शेवटी, म्हणून वाक्याचा ठोसा बरोबर शेवटी पडतो. इंग्लिशमध्ये क्रियापद मधेच, तिथे घाम फुटतो. लाँग शॉटला किंवा पाठमोऱ्याला कुणी ओठ बघत नाही, तिथे चांगलं मराठी बोलून घे.

आणि उपाशी जाऊ नकोस! मी एकदा मरणारी आई करत होते, शेवटचे श्वास, डोळ्यांत पाणी वगैरे आलेलं, आणि हेडफोनमध्ये इंजिनिअर हळूच म्हणतो, "ताई, पोट वाजतंय." चार टेक गेले. शेवटी बिस्किटं मागवली. बांगड्या काढून ठेव, सळसळणारा ड्रेस नको, तोंड चिकट झालं तर हिरव्या सफरचंदाचा तुकडा चाव, तो चटचट आवाज जातो.

लहान मुलांचे आवाज तुला येतील असं मला वाटतं, ते चार सेकंद ऐकून वाटतं. कार्टूनमधले मुलगे बहुतेक बायकाच करतात, हिंदीतल्या डोरेमॉनचा आवाजसुद्धा कितीतरी वर्षं सोनल कौशलचा होता. पण नवीन मुली काय करतात, आवाज पिळून बारीक करतात. पोरगा बारीक आवाजाचा नसतो गं, तो श्वासाला उधळ्या असतो. माझा भाचा आठ वर्षांचा होता तेव्हा तो जिना चढत सांगायचा "आत्या मी ना आज ना शा... ळेत ना", शब्दाच्या मधेच हवा संपायची, त्याला पर्वा नसायची. मोठा माणूस वाक्य संपवून श्वास घेतो. ते उलट केलंस की अर्धा मुलगा झाला.

पिळायचं का नाही ते अनुभवानं सांगते. 2006मध्ये दोन दिवस सलग एका लढाईच्या सिनेमाचं क्राउडचं काम घेतलं, किंकाळ्या, रडणं, पळापळ, आणि तिसऱ्या दिवशी एका कार्टूनचा पोरगा. संध्याकाळी आवाज गेला तो गेलाच. डॉक्टरांनी दुर्बिणीतून माझ्याच स्वरतंतूंचा फोटो मलाच दाखवला, दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढे फोड. तीन आठवडे मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानेही ताणच येतो हे तेव्हा कळलं. पाटी-पेन्सिल घेऊन घरात फिरायचे. ह्यांनी पहिल्या आठवड्यात फार मजा केली, दुसऱ्या आठवड्यात मात्र रात्री म्हणाले, घर रिकामं वाटतंय. तर ओरडण्याचं काम दिवसाच्या शेवटी ठेवायला सांगायचं. सांगायला लाजायचं नाही. नाही म्हणाले तर काम सोडायचं, आणि हे मी चाळिशी उलटल्यावर शिकले.

आता कॅमेऱ्यासमोरचं. तू 'लीड मिळेल का' असं विचारलंयस, मला माहीत नाही, मला कधी मिळाला नाही. मी केलं ते काय, नर्स, आत्या, हेडबाई, हवालदारीण, नंतर सासू, आता आजी. आमच्यासारख्यांचं अर्धं काम कॅमेऱ्याच्या मागे असतं. हिरोइनचा क्लोजअप चालू आहे, तू फ्रेममध्ये नाहीस, तुला फक्त क्यू, म्हणजे तिच्या आधीचं तुझं वाक्य, द्यायचाय. बरेच जण तेव्हा मोबाइल बघत क्यू देतात, किंवा निघूनच जातात आणि असिस्टंट सपाट आवाजात वाचतो. तू तिथे पूर्ण दे. रडायचं असेल तर रड. एका मुलीचा क्लोजअप मी असाच रडून दिला होता, माझा एक सेकंदही त्यात नव्हता, पुढे तीन सिरियलींमध्ये तिनंच माझं नाव सुचवलं. आणि तसं झालं नसतं तरी, समोरचीचे डोळे आपल्या वाक्यावर हलताना बघणं, त्यासारखं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

नोकरी सोडू का? नको. आत्ता तरी नको. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट झाले, 1970ला 'नटसम्राट' केलं. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात, म्हणजे ईएसआयसीत, वीसेक वर्षं नोकरी करत नाटकं करायचे. निळूभाऊंचं वर लिहिलंच. टीव्हीत पेमेंट 90 दिवसांनी येतं, तेही आलं तर, माझे एका ठिकाणी अकरा एपिसोडचे पैसे बुडालेत आणि तो माणूस अजून भेटला की नमस्कार करतो. सिरियलमधला तुझ्या पात्राचा ट्रॅक संपला हे तुला फोनवर कळणार, कधी कधी तर ड्रेसवाल्याकडून. तेव्हा घरभाड्याची काळजी असली ना की ती आवाजात येते. तू आत्ता तालुक्याच्या ऑफिसात काउंटरवर बसतेस म्हणालीस, अगं दिवसाला शंभर माणसं तुझ्याशी फुकट बोलून जातात! म्हातारा कागद पुढे सरकवताना काय म्हणतो, खोटं सांगणारा आधी घसा साफ करतो का, ऐकतेस का तू?

एक मात्र आजच ठरवून ठेव. तुला कुणीतरी मेसेज करेल, घरबसल्या काम, फक्त वाक्यं वाचायची, हजारो, तासांवर पैसे. ते बहुधा मशीनला बोलायला शिकवायचं काम असतं. वाईटच असतं असं नाही पण करार वाच. 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांत' हे शब्द दिसले की सही थांबव आणि विचार की माझ्या आवाजाची नक्कल बनवणार का, कशासाठी आणि किती वर्षं. मुंबई हायकोर्टानं जुलै 2024मध्ये अरिजित सिंगच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला की परवानगीशिवाय त्याच्या आवाजाची एआय नक्कल वापरायची नाही. पण तो अरिजित सिंग आहे, तू आणि मी सही करून बसलो की कोर्टात काय तोंड घेऊन जाणार. काम सुरू झालं की व्हॉइस आर्टिस्टच्या असोसिएशनचं कार्ड काढ, ॲक्टिंगसाठी सिंटाचं, म्हणजे सिनेमा-टीव्हीच्या कलाकारांच्या संघटनेचं. त्यानं सगळं सुटत नाही, पण फोन करायला एक नंबर असतो.

बरं, आता काम. नवीन क्लिप पाठव पण कविता नको, बातम्या नको, स्वगत तर मुळीच नको. आजीला फोन लाव, तिला परवानगी विचारून तिचं पाच मिनिटं रेकॉर्ड कर, चार दिवस ऐक, आणि मग तेच, तिच्यासारखं म्हणून नव्हे, तिनं जे सांगितलं ते सांगायचंच आहे म्हणून सांग. दोन्ही पाठव, तिचं आणि तुझं. सोमवारी पाठवू नकोस, मी दिवसभर सेटवर आहे आणि नेटवर्क नाही. आणि काउंटरवरच्या त्या म्हाताऱ्याचं मला सांग नक्की, खरंच घसा साफ करतात का ते.

तुझी,
ताई

ता. क. ते 'काय करायलीस' कुणाला म्हणालीस? बहीण का?