वर्दी नको, पण गुन्हेशास्त्र हवं

“मॅडम, हिला गुन्हेगारीचा अभ्यास करायचाय आणि पोलीस मात्र व्हायचं नाही. मग शिकून करायचं काय?”

वडील अजून खुर्चीत टेकलेही नव्हते. एसटीत वाहक, ड्युटी संपवून थेट आलेले, अंगावर खाकी तशीच. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. हे वाक्य तिने घरी बऱ्याचदा ऐकलं असणार.

पुढे काय शिकावं याचा सल्ला मागायला, हा प्रश्न घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. कुणाची उंची भरतीच्या मापात बसत नाही, कुणाला मैदानी चाचणी झेपणार नसते, कुणाच्या घरून परवानगी नसते. गुन्ह्याशी ज्याचा संबंध तो एक तर पोलीस नाहीतर वकील, हे मात्र सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. या मुलीची गोष्ट तिच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते आहे.

मी तिला विचारलं, “पोलीस का नको?”

“नको असं नाही मॅडम. पण मला पकडायचं नाहीये. पकडल्यानंतर काय होतं, ते बघायचंय.”

मग हळूहळू बाहेर आलं. अकरावीत असताना तिच्या वर्गमैत्रिणीच्या भावाला चोरीच्या प्रकरणात नेलं होतं. तो काही दिवसांनी परत आला, पण क्लासवाल्यांनी घेतलं नाही, मित्रांच्या आयांनी घरी यायला बंदी केली. वर्षभरात त्याने शिक्षण सोडलं. “त्याने चोरी केली का, हे सगळे विचारत होते. आता त्याचं काय करायचं, हे कुणीच विचारलं नाही.” वडिलांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्याही हे पहिल्यांदाच कानावर पडत होतं.

एका वाक्यात तिने विषयाचं अर्धं मर्म सांगितलं होतं. पण लगेच रस्ते दाखवायच्या आधी मला एक गोंधळ दूर करायचा होता, कारण त्या गोंधळात मी स्वतः एका मुलाचं नुकसान केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी कला शाखेचा एक मुलगा आला होता. मालिका बघून त्याला बोटांचे ठसे, रक्ताचे डाग यांचं वेड लागलेलं. तेव्हा माझ्याही डोक्यात गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिक यांची सरमिसळ होती. मी त्याला ‘शोध घे’ म्हटलं. त्याने एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, फी भरली आणि पुढे त्या कागदाला कुणी विचारलं नाही. ती खंत अजून आहे.

म्हणून आता मी पहिल्याच भेटीत सांगते. फॉरेन्सिक म्हणजे न्यायसहायक विज्ञान. त्याचं काम प्रयोगशाळेतलं. त्यासाठी बारावीपासून विज्ञान लागतं, पुढे रसायन, जीवशास्त्र, भौतिक किंवा संगणक. तिथे आता माणसांची गरज वाढते आहे, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ त्यासाठीच आहे. गुन्हेशास्त्र ही वेगळी वाट. गुन्हा का घडतो, गुन्हेगार कुणाला म्हणायचं, शिक्षेने नेमकं काय साधतं, ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं काय, असे त्याचे प्रश्न. ही वाट समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा आणि समाजकार्य यांच्या बांधावरून जाते. या मुलीचा पाय आधीच बांधावर होता.

‘गुन्हेगार कुणाला म्हणायचं’ हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण आपल्याकडे त्यापायी पिढ्यान्‌पिढ्यांनी भोगलं आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, असं कागदावर ठरवून टाकलं. पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, इटलीत लोम्ब्रोसो या डॉक्टराने कवटीच्या आणि जबड्याच्या ठेवणीवरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो असा ग्रंथ लिहिला. तो सिद्धान्त टिकला नाही. आपल्याकडचा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत चालला आणि त्याची सावली त्यातून सुटलेल्या विमुक्त समाजांवर अजूनही पडलेली दिसते. गुन्हेशास्त्र शिकणाऱ्याला हा इतिहास माहीत असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. निष्काळजी शास्त्र केवढी माणसं भरडून काढतं, ते त्यात दिसतं.

वडील शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “ते सगळं ठीक आहे. पण अंगावर खाकी असली ना मॅडम, की माणूस ऐकतो. मी रोज बघतो. बिनवर्दीच्या पोरीचं कोण ऐकणार?”

हा प्रश्न प्रामाणिक होता आणि मला त्याचं उत्तर कायद्यातच मिळालं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम २४. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचा जबाब घेताना पोलीस अधिकारी वर्दीत असता कामा नये, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे काही ठिकाणी खुद्द पोलिसालाही वर्दी काढून यावं लागतं, कारण तिथे वर्दीपुढे मूल गप्प होतं. त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत ‘सहायक व्यक्ती’ आहे. तपासात आणि खटल्यात ती मुलाच्या सोबत असते, आता काय होणार आहे ते त्याला समजावते. वडील काही बोलले नाहीत, पण टेबलावर ठेवलेला हात त्यांनी मागे घेतला.

मग मी कागद पुढे केला आणि पेन त्यांच्याच हातात दिलं. म्हटलं, धरून चला, सतरा वर्षांच्या मुलाने मोबाइल चोरला. आता त्याला कोण कोण भेटेल, लिहा.

त्यांनी ‘पोलीस’ लिहिलं आणि थांबले. पुढचं आम्ही तिघांनी मिळून भरलं. वय अठराच्या आत, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो गुन्हेगार नाही, विधीसंघर्षग्रस्त बालक. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. त्या दोघांना मुलांच्या क्षेत्रातला किमान सात वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे ती जागा आज नाही, पण पस्तिशी-चाळिशीत तिच्या आवाक्यातली आहे. मग परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. हे पद वडिलांनी कधी ऐकलंच नव्हतं. हा अधिकारी त्या मुलाच्या घरी जातो, शाळेत जातो, आईशी बोलतो आणि पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला देतो. मुलाने शाळा कधी सोडली, घरात दारू आहे का, मोबाइल कशासाठी हवा होता, कोण त्याची जबाबदारी घ्यायला तयार आहे, हे सगळं त्यात येतं. मंडळ पुढचा निर्णय घेताना तो अहवाल वाचतं.

“म्हणजे कोर्टाला पोराची बाजू हा सांगतो?” वडिलांनी विचारलं.

बाजू म्हणता येणार नाही, परिस्थिती. वकील बाजू मांडतो. परिविक्षा अधिकाऱ्याला मुलाच्या विरोधात जाणारी गोष्टही लिहावी लागते. हा फरक मी मुलीकडे बघून सांगितला, कारण माया असलेल्या माणसाला तोच जड जातो.

कागद भरत गेला. निरीक्षणगृहाचे अधीक्षक, तिथला समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्षातला कार्यकर्ता. मुलगा एकोणीस वर्षांचा असता तर? तर १९५८ चा अपराधी परिविक्षा कायदा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा. एकविसाच्या आतल्या, दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असं त्यात आहे. पुढे कारागृहातले कल्याण अधिकारी, मानसोपचार तज्ज्ञ, कैद्यांच्या घरच्यांशी दुवा ठेवणाऱ्या संस्था. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हे काम करतो आहे.

तुरुंगाचं नाव निघताच वडिलांच्या कपाळावर आठी आली. मी स्वतंत्रपूरचा विषय काढला. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ उभारलेली खुली वसाहत. भिंत नाही, कैदी शेती करतात, कुटुंबासोबत राहू शकतात.

“आटपाडीला ड्युटी होती माझी,” ते एकदम म्हणाले. “ती वसाहत माहितीये. ते लोक कैदी आहेत, हे मला कुणीतरी सांगितल्यावर कळलं.” त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याशी न बोलता मुलीशी बोलले.

बायकांवरच्या हिंसेच्या बाजूने गेलं तर आणखी दारं आहेत. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. त्यातल्या समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसतात, पण पोलीस नसतात. हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातले संरक्षण अधिकारी, हेही त्याच रस्त्यावर. वाणिज्य शाखेचा कुणी असता तर मी बँकांमधल्या संशयास्पद व्यवहार तपासण्याच्या कामावर आणि फॉरेन्सिक अकाउंटिंगवर, म्हणजे हिशेबातली फसवणूक शोधण्यावर, अर्धा तास बोलले असते; पैसा तिथे खरंच चांगला आहे. आकड्यांची आवड असती तर गुन्ह्यांच्या आकडेवारीचं विश्लेषण. शिकवायचं असेल तर प्राध्यापकीसाठीच्या यूजीसी-नेट परीक्षेत गुन्हेशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. या मुलीचे डोळे त्या कशालाच हलले नाहीत, म्हणून मीही थांबले.

पैशाचं मात्र झाकून ठेवलं नाही. यातली बरीच पदं कंत्राटी आहेत, मानधनावर. सखी केंद्र असो वा बाल संरक्षण कक्ष, करार संपण्याची टांगती तलवार असते. कायम पदांच्या जाहिराती रोज निघत नाहीत. ज्या निघतात त्यांत समाजकार्याची पदवी वारंवार मागितलेली दिसते, म्हणून नुसत्या ‘गुन्हेशास्त्र’ नावाच्या पदवीमागे न धावता तिने एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावी आणि त्यात गुन्हेगारी व न्याय हा भाग निवडावा, असं माझं मत पडलं. त्या पदवीने हे क्षेत्र नाही जमलं तरी रुग्णालय, शाळा, कंपनी यांची दारं उघडी राहतात. टाटा संस्थेत हा विषय आहे. इतर विद्यापीठांत प्रवेश घेताना क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, कुठे देतात, हे फीच्या आधी विचारायचं. वडिलांनी हे वाक्य कागदाच्या मागे लिहून घेतलं.

पण लगेच फॉर्म भरू नका, असंही सांगितलं. आधी तिने बघून यावं. आपली फौजदारी न्यायालयं खुली असतात, कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं. बाल न्याय मंडळ आणि बलात्काराचे, पोक्सोचे खटले वगळून. “आठ दिवस बस. कामकाज समजलं नाही तरी चालेल. माणसं बघ.”

तीन आठवड्यांनी ती एकटी आली. वही भरलेली. तिने न्यायाधीशांबद्दल फारसं लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं बाहेरच्या व्हरांड्याबद्दल. एका म्हातारीच्या मुलाला जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. ‘सुटला’ म्हणून तिने गावी फोन केला आणि संध्याकाळी मुलगा पुन्हा गाडीत बसून तुरुंगात गेला. “मॅडम, तिला कुणी सांगितलंच नाही, की जामीन मिळणं वेगळं आणि सुटणं वेगळं.”

मी तिला आकडा दाखवला. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. चारांतली तीन, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. अशा कैद्यांच्या जामिनासाठी रक्कम भरणारी केंद्राची योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक आहेत. योजना आणि ती म्हातारी यांच्यामध्ये एक माणूस लागतो. ती बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली. “तिथे त्या दिवशी कुणीच नव्हतं,” एवढंच म्हणाली.

एक गोष्ट मी तिला विचारून घेतली. ज्याने खरंच कुणाला इजा केली आहे, ज्याला पश्चात्तापही नाही, त्याच्यासमोर बसता येईल का? तिने लगेच ‘हो’ म्हटलं असतं तर मला काळजी वाटली असती. ती म्हणाली, “माहीत नाही. शिकावं लागेल.”

आता ती एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्यात परिविक्षा अधिकाऱ्यांबरोबर गृहभेटींना जाते. गेल्या महिन्यात वडिलांचा फोन आला. आवाजात काळजी होती, पण ती नोकरीची नव्हती. “मॅडम, ती वस्त्यांमध्ये फिरते. गळ्यात ओळखपत्र असतं ना तिच्या?”

मी तिला विचारलं. असतं, पण पिशवीत. ती ते घराच्या आत गेल्यावर दाखवते, कारण शेजाऱ्यांना कळता कामा नये, की या घरातला मुलगा मंडळापुढे उभा आहे. मी वडिलांना तसंच कळवलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग बरोबर आहे. पिशवीतच राहू दे.”