साठीच्या आईला वारंवार उन्हाळी लागते, गोखरूचा काढा द्यावा का?

द्या, पण आधी आईंची लघवी तपासून घ्या. मे महिन्यात दोनदा जळजळ झाली, शेजारच्या काकूंनी गोखरू सुचवला, असं तुम्ही लिहिलंय. नागपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा, त्यात बाहेर जायचं म्हणून पाणीच न पिण्याची आपल्याकडच्या बायकांची सवय. लघवी गडद होऊन आग होणारच. एवढंच असेल तर धन्याचं पाणी पुरे: चमचाभर धने कुटून रात्री ग्लासभर पाण्यात भिजवायचे, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्यायचं. माठात वाळा टाका, सब्जा द्या, जवाचं पाणी द्या. माझ्या मते यात मोठं काम पाणीच करतं, पण नुसतं पाणी प्या म्हटलं तर कोण ऐकतं!

आता गोखरू. इतवारी बाजारात जडीबुटीवाल्याकडे मागा, पण छोटाच मागा. शेतात चपलेत रुततो तोच हा सराटा. चरकसंहितेत लघवी मोकळी करणाऱ्या दहा औषधांत तो श्वदंष्ट्रा नावाने आहे. बडा गोखरू ही वेगळीच वनस्पती. तिची ओली पानं पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. तयार पूड टाळा, तिच्यात काय दळलंय ते देव जाणे. अख्खी काटेरी फळं आणून घरीच भरड करा. चमचाभर भरड दोन कप पाण्यात, अर्धा कप उरेपर्यंत उकळायची. काही दिवस सकाळी तेवढं घेतलं तरी चालतं.

मात्र तपासणीत पू-पेशी किंवा जंतू निघाले, तर काढ्याच्या भरवशावर राहू नका. बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू असतो. कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी करून योग्य अँटिबायोटिक लागतं. थंडी वाजून ताप, कुशीत कळ किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुगरही बघा. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी पडल्यानेही हा त्रास पुन्हा पुन्हा होतो. त्यावर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. बायका लाजेपायी हे विचारतच नाहीत.

आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोखरू नको, लघवीसाठीच दिली जाणारी पुनर्नवा ही वनस्पतीही नको.