स्वतःचं विमान घेण्याआधी

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लायसन्स हातात आलं, एक जुनं सेस्ना १७२, म्हणजे चार जणांचं एका इंजिनाचं विमान, बघून ठेवलंयस, ते चिपीला सिंधुदुर्गाच्या विमानतळावर ठेवायचा विचार आहे आणि गणपतीला घरच्यांना देशावरून थेट गावाजवळ उतरवायचं आहे. वाचून फार बरं वाटलं. काळजीही वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू जिथे शिकलास तिथे ‘आज नाही’ म्हणणारं कोणी ना कोणी कायम होतं. वारा वाढला की इन्स्ट्रक्टर थांबवायचे. इंजिनिअरची सही नसली की विमान जागचं हलत नसे. स्वतःचं विमान घेतलंस की ही माणसं एका दिवसात बाजूला होतात. चावी तुझ्या खिशात, हप्ता तुझ्या खात्यातून, आणि मागच्या सीटवर बसायला आलेले लोक तुझेच. छोट्या विमानांच्या अपघातांचे जे अहवाल मी वाचत आलो, त्यांत यंत्राने दगा दिल्यापेक्षा निघायला नको होतं तेव्हा निघालेली माणसंच मला जास्त भेटली. म्हणून माझं पहिलं सांगणं: एकट्याने घेऊ नकोस. दोघा-तिघांत घे, आणि त्यातला एक जण तुझ्यापेक्षा जास्त तास उडालेला असू दे. तिघांपैकी कोणीही एक ‘नको’ म्हणाला तर त्या दिवशी विमान बाहेर काढायचं नाही, हे आधीच कागदावर लिहून सह्या करा.

भागीदारीचं दुसरं कारण इंजिनात आहे. या विमानांत बहुतेक लायकॉमिंग कंपनीचं इंजिन असतं आणि त्यात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसवलेला असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं आणि पोलाद उघडं पडतं. देशावरच्या कोरड्या हवेत ते काही काळ तग धरतं. आपल्याकडे हवेत बाराही महिने दमट खारेपणा, त्यामुळे गंज लवकर धरतो. गंजलेला कॅम पुढे त्याला घासणारा टॅपेट खातो आणि त्याचा चुरा तेलात उतरतो. कोणी सांगेल की आठवड्यातून पंधरा मिनिटं जागेवरच इंजिन चालवून ठेव. तसं मुळीच करू नकोस. तेवढ्याने तेल पुरेसं तापत नाही, उलट जळणातून तयार झालेली वाफ आतच राहते. तेल ७५ अंशांच्या वर जाऊन तासभर तिथे टिकलं पाहिजे, आणि ते हवेत गेल्याशिवाय होत नाही. एकट्या माणसाला नोकरी सांभाळून दर आठवड्याला एवढं जमत नाही, तिघांना जमतं.

म्हणूनच विकणारा ‘ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतर) फक्त चारशे तास झालेत’ म्हणाला तर हुरळू नकोस. ते चारशे तास किती वर्षांत झाले ते विचार. लायकॉमिंग या इंजिनांना साधारण २००० तास किंवा १२ वर्षं, यातलं जे आधी येईल ते, अशी मुदत सांगते. समुद्राकाठी वर्षानुवर्षं उभं राहिलेलं कमी तासांचं इंजिन मला नेहमी उडणाऱ्या जास्त तासांच्या इंजिनापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. पंखांच्या सांध्यांत, रिव्हेटांच्या भोवती, बिजागऱ्यांपाशी नखाने खरवडून बघ. रंगाखाली फुगवटा आणि पांढरी भुकटी दिसली तर तो ॲल्युमिनियमचा गंज.

विमान घेतल्यावर ते गोड्या पाण्याने धुणं, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर कव्हर घालणं (कुंभारमाशी त्या नळीत मातीचं घर करते आणि मग वेगाचा काटा खोटं बोलतो), हे अंगवळणी पाड. आणि पंखाखालच्या ड्रेनमधून पेट्रोल काढून बघणं तर एकदाही चुकवू नकोस. पारदर्शक कप उजेडात धर. एव्हीगॅस १०० एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, फिकट निळं दिसतं, पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब बसतो. जुन्या सेस्नाच्या टाकीच्या झाकणांचे रबर पावसात दगा देतात. पाणी निघालं तर पंख हलवून पुन्हा काढ, स्वच्छ येईपर्यंत. संपूर्ण कपच बिनरंगी दिसला तर ‘पाणी नाही’ असं समजू नकोस, तो कप पाण्याचाच असू शकतो, किंवा कोणी चुकून एटीएफ, म्हणजे जेटचं इंधन, भरलेलं असू शकतं.

चिपीचं ठरवण्याआधी तिथे उभं करायला छप्पर मिळेल का, एव्हीगॅस कुठून येणार, आणि सही करणारा इंजिनिअर किती अंतरावर असेल, ही तीन उत्तरं लेखी मिळव. प्रवासी विमानतळावर सहसा जेटचं इंधन असतं, ते तुझ्या इंजिनाला चालत नाही. कोणतं विमान घ्यायचं हा त्यानंतरचा प्रश्न.

आता गणपतीचं. घरच्यांना विमानाने आणायची तुझी हौस मला समजते, पण भाद्रपदात नाही. आपल्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. तुझ्या विमानाला त्याहून मोठी सुट्टी दे. मेअखेरीस देशावर ने आणि ऑक्टोबरात पाऊस परत गेला की आण. यात कमीपणा काही नाही. टाटांची टपालसेवा १९३२ साली सुरू झाली तेव्हा पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं, म्हणून त्यांची विमानं येरवड्याला हलवत. गणपतीला घरच्यांना घेऊन एसटीने ये.

पावसाळ्यातला खरा सापळा घाट. खाली वेंगुर्ल्याला लख्ख ऊन असतं आणि आंबोलीचा माथा ढगात असतो. डोळ्यांनी बघत केलेल्या, म्हणजे दृश्य उड्डाणाला आपल्याकडे दहा हजार फुटांखाली पाच किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगापासून बाजूला दीड किलोमीटर आणि वर-खाली हजार फूट अंतर राहिलं पाहिजे. घाटात ते अंतर काही मिनिटांत नाहीसं होतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना ढगात शिरल्याची परिस्थिती दिली होती. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. ढग वाढताना दिसला की वळ आणि आलास तिकडे परत जा.

हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं, पण पूर्वेचा वारा डोंगर ओलांडून कोकणाच्या बाजूला खाली कोसळतो. कोल्हापूरकडे जाताना तू नेमका त्या उतरत्या हवेत चढत असतोस. म्हणून माथ्यापेक्षा दोन हजार फूट जास्त उंची घाटाच्या पायथ्याआधीच घे, आणि कड्याकडे सरळ न जाता तिरका जा, म्हणजे परत फिरायला वाट राहील. सकाळच्या मतलई वाऱ्यात जी धावपट्टी सोपी वाटते तीच दुपारी खारा वारा सुटला की वेगळी वागते. उतरण्याचा एकदा सकाळी, एकदा दुपारी, इन्स्ट्रक्टरला बाजूला बसवून सराव कर.

दमट हवेमुळे आणखी एक गोष्ट होते, जी थंड देशातली वाटते. जुन्या १७२ मध्ये हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर असतो. त्यातून जाताना हवा एवढी थंडावते की बाहेर पंचवीस-तीस अंश असतानाही आत बर्फ धरतो, विशेषतः उतरताना पॉवर कमी केल्यावर. आरपीएम हळूहळू घसरतो, मग इंजिन खरखरतं. अशा वेळी कार्ब्युरेटर हीट (त्यात गरम हवा सोडणारी मूठ) पूर्ण ओढ. आधी आवाज आणखी बिघडतो, कारण वितळलेलं पाणी आत जातं. घाबरून लगेच बंद करू नकोस.

इंजिन थांबलंच तर तीन हजार फुटांवरून शांत हवेत साधारण आठ किलोमीटर तरंगत जाशील. तेवढ्या अंतरात जमीन ठेवूनच किनाऱ्याने उड. वरून सडा सपाट दिसतो, पण त्यावर जांभ्याचे खड्डे असतात आणि गडगे घातलेले असतात. भाताची कापलेली शेतं चांगली, फक्त बांध आडवे येतात. ओहोटीची ओली घट्ट वाळू उत्तम, पण डिसेंबरात तारकर्लीला ती माणसांनी भरलेली असते. निघताना दिवसाची भरती-ओहोटी बघत जा. लाइफ जॅकेट अंगावर असू दे, आणि विमानाच्या आत ते फुगवायचं नाही हे मागच्यांना आधीच सांग.

मे महिन्यात चार माणसं, पूर्ण टाक्या आणि हापूसच्या पेट्या असं करू नकोस. जुन्या १७२ मध्ये टाक्या भरल्यावर माणसं-सामानाला साधारण अडीचशे किलो उरतात, आणि गरम हवेत विमानाला जमीन सोडायला जास्त धावपट्टी लागते. नेमका आकडा त्या विमानाच्या वजनाच्या कागदात बघ.

हवाई दलाचं एअर डिफेन्स क्लिअरन्स, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर, गोव्यातल्या दाबोळीचं नौदल, रत्नागिरीचं तटरक्षक दल, हे सगळं तुला शिकवलेलं आहे. प्रत्येक वेळी तेवढ्याच मनापासून कर.

आगाऊ रक्कम देऊ नकोस, अजिबात नाही. आधी इंजिनच्या आणि विमानाच्या, दोन्ही लॉगबुकांच्या सगळ्या पानांच्या प्रती पाठव. मागच्या पाच वर्षांत कोणत्या महिन्यात किती तास उडालं ते मला बघायचं आहे. आणि एक सिलिंडर काढून कॅम बघू देतो का, हे विकणाऱ्याला विचार. नाही म्हणाला तर दुसरं विमान शोधू, मीही बरोबर येईन.

तुझा,
काका