ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा मंत्री असतो, असं ऐकलं. हे पद कधीपासून आहे आणि त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

हो, असतो. मे २०२५ पासून हे खातं सॅम रे यांच्याकडे आहे. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका नर्सिंग होममध्ये (इथे याचा अर्थ छोटं हॉस्पिटल नव्हे, वृद्धांनी राहायची आणि देखभालीची जागा) सात वर्षं पर्सनल केअरचं काम करतेय. उठवणं, आंघोळ घालणं, कपडे, भरवणं, सगळं त्यात आलं. मंत्री बदलला की आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला: ‘यांच्याकडे आणखी कुठलं खातं आहे?’ कारण नुसतं हेच खातं असलेला मंत्री इथे क्वचितच मिळतो.

सुरुवात पेन्शनपासून झाली. १९०८ च्या कायद्याने देशभर वृद्धांना सरकारी पेन्शन मिळू लागलं. पण राहायचं कुठे, बघायचं कोणी, हा प्रश्न बराच काळ घरच्यांवर आणि चर्चवर सोडलेला होता. १९५४ मध्ये पंतप्रधान मेन्झींच्या सरकारने वृद्धांच्या निवासांसाठी कायदा केला. चर्च किंवा धर्मादाय संस्थेने एक पौंड घातला की सरकार एक पौंड घालणार. १९५७ पासून एकाला दोन. १९६३ पासून नर्सिंग होममधल्या प्रत्येक रुग्णामागे रोजचं अनुदान सुरू झालं. हॉस्पिटलं राज्यांकडेच राहिली, नर्सिंग होमचा पैसा मात्र केंद्राकडून येऊ लागला. पैसा केंद्राचा म्हटल्यावर संसदेत उत्तर द्यायलाही केंद्रातलाच कुणीतरी लागणार. पदाचं मूळ हे. तोवर हे काम समाजकल्याण आणि आरोग्य या खात्यांच्या पोटातच चाले.

मंत्र्याच्या पदाच्या नावात ‘एज्ड केअर’, म्हणजे वृद्धांची देखभाल, हे शब्द आले १९८८ मध्ये, पीटर स्टेपल्स यांच्या वेळी. तेही एकटे नाहीत, ‘हाउसिंग अँड एज्ड केअर’. पुढे हॉवर्ड सरकारने १९९७ चा एज्ड केअर कायदा आणला. नर्सिंग होममध्ये शिरताना मोठी अनामत भरावी लागणार म्हणून लोक इतके चिडले, की सरकारला त्यातला बराच भाग मागे घ्यावा लागला. कित्येकांना त्यासाठी राहतं घर विकायची भीती होती. म्हातारपणी घर विकायला लावणारं सरकार टिकेल कसं!

ऑक्टोबर १९९८ मध्ये ब्रॉनविन बिशप ‘मिनिस्टर फॉर एज्ड केअर’ झाल्या. आणि २००० च्या सुरुवातीला रॉकेलची भानगड बाहेर आली. मेलबर्नच्या पॅटरसन लेक्स भागातल्या एका नर्सिंग होममध्ये खरजेवर उपाय म्हणून ५७ म्हाताऱ्यांना रॉकेल मिसळलेल्या पाण्याने आंघोळ घातली होती. काहींच्या अंगावर फोड आले. ते होम बंद झालं, पण तोवर देशभर एकच प्रश्न विचारला जात होता: तपासणीवाले काय करत होते? आजही जुन्या नर्स बोलता बोलता ‘केरोसीन बाथ’ म्हणतात आणि पुढे काही सांगायची गरज राहत नाही. अशा खात्याचा मंत्री कोण हे एरवी कुणाला माहीत नसतं, बिशपबाईंचं नाव मात्र त्या वर्षी घरोघरी पोचलं.

त्यानंतर पाटी बदलून ‘मिनिस्टर फॉर एजिंग’ झाली आणि माणसं भराभर येत-जात राहिली. केव्हिन अँड्र्यूज, मग ज्युली बिशप (ब्रॉनविन यांच्याशी नातं नाही, पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या त्या याच), मग सँटो सँटोरो. सँटोरोंना २००७ मध्ये स्वतःच्या शेअर्सची माहिती नीट जाहीर न केल्यामुळे जावं लागलं. त्यांच्या जागी आला तो सहा वर्षांत चौथा मंत्री. मार्क बटलर यांच्या काळात, २०११ च्या अखेरीला, हे खातं कॅबिनेटमध्ये बसलं आणि २०१२ मध्ये सुधारणांचं एक मोठं पॅकेज आलं. तोवर बहुतेक वेळा हा मंत्री कॅबिनेटच्या बाहेर असे. बजेटचं वाटप जिथे ठरतं त्या खोलीतच नसे. २०१३ मध्ये ॲबट पंतप्रधान झाले आणि मंत्र्यांच्या यादीतून ‘एजिंग’ हा शब्दच गेला! काम एका सहायक मंत्र्याकडे, खातं आरोग्यातून समाजसेवेत. दोन वर्षांनी पुढचे पंतप्रधान टर्नबुल यांनी ते परत आरोग्यात आणलं. फायली ढकलणाऱ्या कारकुनांची मला कीव येते.

जानेवारी २०१७ मध्ये केन वायट मंत्री झाले. केंद्रात मंत्री झालेले ते पहिले आदिवासी नेते. त्याच वर्षी ॲडलेडचं ओकडन गाजलं. मानसिक आजार आणि डिमेन्शिया असलेल्या वृद्धांचं ते सरकारी केंद्र. वर्षानुवर्षांचे हाल बाहेर आले आणि शेवटी ते बंद करावं लागलं. कहर म्हणजे केंद्राच्या तपासणीत ते आधी पास झालेलं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये पंतप्रधान मॉरिसन यांनी रॉयल कमिशन, म्हणजे मोठा सरकारी चौकशी आयोग, जाहीर केलं, तेही टीव्हीवर या विषयावरचा मोठा कार्यक्रम लागायच्या आदल्या दिवशी. कमिशनकडे दहा हजारांहून जास्त निवेदनं आली. अंतरिम अहवालाचं नावच ‘उपेक्षा’ अशा अर्थाचं होतं. मार्च २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या.

आणि मधल्या काळात करोना. मंत्री होते रिचर्ड कोल्बेक, युवक आणि क्रीडा खात्यासकट. ऑगस्ट २०२० मध्ये सिनेटच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) समितीने त्यांना विचारलं, नर्सिंग होममध्ये आजवर किती माणसं गेली? ते कागद चाळत राहिले. आकडा सांगता आला नाही. आम्ही तेव्हा पीपीई घालून दिवसभर घामाने निथळत होतो, रात्री जेवताना कुणीतरी मोबाइलवर ती क्लिप दाखवली. कुणीच हसलं नाही. सिनेटने पुढे त्यांच्यावर ठपका ठेवला. वर्षअखेर आरोग्यमंत्री ग्रेग हंट यांच्याकडे एज्ड केअरही देऊन खातं पुन्हा कॅबिनेटमध्ये आणलं, कोल्बेक त्यांच्या हाताखाली. तरी जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन ऐन भरात असताना कोल्बेक यांनी सिनेट समितीपुढे यायला नकार दिला, आणि होबार्टच्या ॲशेस कसोटीला मात्र तीन दिवस हजर राहिले. क्रीडामंत्री ना! मी स्वतः क्रिकेटवेडी आहे, तरी तेव्हा डोकं फिरलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. उपयोग होतो का? माझ्यापुरतं सांगते. आधी आमच्याकडे रात्री रजिस्टर्ड नर्स नसायची. पहाटे अडीचला एक आजी बाथरूमच्या दारात पडल्या. कोपराजवळची चामडी सोललेली, कांद्याच्या पातीसारखी पातळ त्वचा असते हो त्या वयात. बाकी काही नाही. पण नीट तपासायला नर्स नाही, फोनवरची नर्स म्हणाली ॲम्ब्युलन्स बोलवा. नव्वदीच्या बाईला कडाक्याच्या थंडीत हॉस्पिटलला नेलं आणि दुपारी एक बँडेज बांधून परत पाठवलं. २०२२ मध्ये अनिका वेल्स मंत्री झाल्या (त्याही क्रीडा खात्यासकट, हा काय योगायोग कोण जाणे) आणि जुलै २०२३ पासून चोवीस तास नर्स सक्तीची झाली. त्याच सुमाराला आमचा पगार १५ टक्के वाढला. ऑक्टोबर २०२३ पासून दर माणसामागे रोज सरासरी २०० मिनिटांची देखभाल बंधनकारक झाली, पुढे ती २१५ मिनिटं झाली. मिनिटं मोजून माया करता येत नाही, हे खरं. पण आता तशीच चामडी सोलली तर खालच्या मजल्यावरून नर्स येते, दहा मिनिटांत ड्रेसिंग होतं आणि आजी पुन्हा आपल्या पलंगावर.

म्हणजे मंत्री असल्याने फरक पडतो. मात्र तो कॅबिनेटमध्ये आहे का आणि मागे लोकांचा रेटा आहे का, यावर सगळं. आपल्याकडे २००७ चा आईवडील-ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, काम सामाजिक न्याय खात्याकडे. तिथे ‘ज्येष्ठांचा मंत्री’ अशी वेगळी पाटी लावून लगेच काही होईल, असं हा इतिहास पाहून तरी मला वाटत नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून इथे १९९७ च्या जागी नवा कायदा लागू झालाय. तो जुलैतच यायचा होता, चार महिने लांबला. घरी राहणाऱ्यांसाठीची योजनाही त्याच दिवशी बदलली. नर्सिंगचा खर्च पूर्ण सरकारचा, पण आंघोळीला मदत नर्सिंगमध्ये धरली नाही. नव्याने योजनेत येणाऱ्यांनी तिच्यासाठी ऐपतीप्रमाणे वाटा भरायचा असं तेव्हा ठरलं, पूर्ण पेन्शनवाल्याला ५ टक्के, स्वतःच्या पैशावर जगणाऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत. कायदा आला तेव्हा यावरूनच वाद पेटला. २००० मध्ये मंत्रीबाई आंघोळीवरूनच अडचणीत आल्या होत्या, पंचवीस वर्षांनी पुन्हा आंघोळच. माझी एक मैत्रीण घरोघरी जाऊन हे काम करते. तिच्याकडच्या एका आजोबांनी हिशेब केला आणि म्हणाले, मग आठवड्यातून दोनदाच ये.